चाळिसावा टप्पा आणि पिवळा रिमोट

टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात लोक वस्तू आणून टाकतात आणि विसरून जातात. मिक्सर, इस्त्री, रेडिओ. एकदा तर एक गृहस्थ पंख्याबरोबर आणलेल्या सासूबाईंनाही अर्धा तास विसरले होते. नंदुरबारला आमच्या सलीमच्या दुकानात मागच्या भिंतीला लागून जसा हा ढीग साचलाय, तसाच किश्शांचाही साचलाय. वस्तू निदान कधीतरी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, आज थोडे झटकून बाहेर काढू.

मंडळी चारच. दुकानाचा मालक सलीम, वडिलांपासून हाच धंदा. कोरीटचा भटू पाटील, मिरची आणि पपईवाला. तळोद्याच्या ऑफिसातले गावित भाऊसाहेब, जे चहा मागतानाही टिपणी लिहिल्यासारखे बोलतात. आणि मी, कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट. मला सगळे ‘सर’ म्हणतात, फक्त खरे सर सोडून.

चौघंही पन्नाशीला टेकलेले. दर रविवारी दुपारी सलीम शटर अर्धं खाली ओढतो आणि आम्ही नव्या टीव्हीवर जुने व्हिडिओ गेम लावून बसतो. बाहेरून फक्त आमचे पाय दिसतात.

*

हे सुरू झालं भटूमुळे. दोन वर्षांपूर्वी तो रुमालात काहीतरी बांधून दुकानात आला. सोडून दाखवलं तर पिवळ्या प्लास्टिकची गेमची कॅसेट, कोपरा उंदरानं कुरतडलेला. जुन्या पेटीच्या तळाशी सापडली होती.

“सलीम, याले चालू करी दे.”

सलीमनं कॅसेट उलटी केली. मागे लाल ऑइलपेंटनं त्याच्या वडिलांची सही होती. त्या काळी त्याचे अब्बा गेमचं मशीन आणि कॅसेटी भाड्यानं द्यायचे.

“भटूभाऊ, हाई तं आम्हनाच दुकाननी शे. अब्बांनी आखरी तक ढूंढी ती कॅसेट. माले दोन थापडी भी बसन्यात हिन्यामुळे.”

भटूनं मान खाली घातली. मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकून सलीम थापडा विसरला.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भटू सतरा वर्षांचा, त्याची मोठी बहीण मंगलताई एकोणीसची. मशीन भाड्यानं घरी आणलेलं. गेम रणगाड्यांचा, दोघांनी मिळून खेळायचा, आणि टप्पे चाळीस. मशीन बंद झालं की पुढे तिथूनच सुरू करायची सोय नाही. लाईट गेली की पहिल्यापासून. आणि तेव्हा कोरीटला लाईट असणं हीच बातमी असायची. सलीमचे अब्बा सांगायचे, “चालीस के बाद खतम, बेटा. लेकिन किसीने देखा नहीं.”

एका संध्याकाळी दोघं एकोणचाळीस टप्पे पार करून गेले. मध्ये आईनं हाक मारली म्हणून मंगलताईनं गेम तसाच थांबवून दहा मिनिटं चुलीवरच्या भाकरी उतरवल्या. परत येऊन बसली, चाळिसावा टप्पा लागला आणि लाईट गेली.

“मी तिले बोलनू,” भटू म्हणाला. “म्हनं, तुन्ही भाकरीमुळे गयं बठं. तू खेळालेच बसाले नको व्हती. आठ दिनमा तिनं लगीन व्हयनं, ती नवापूरले गयी. ते बोलनं माले परत लेता उनं नही.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “लग्नघरात तर जनरेटर असेल. तेव्हा का खेळला नाहीत?”

“व्हतं ना. हळदना दिनपासून व्हतं. मशीन बी घरमाच व्हतं, पाहुनासना पोऱ्यासकरता ठेयेल. पन मी पंगतमा वाढी ऱ्हायंतू. खेळाले टाइम कोनले?”

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंगलताई माहेरी येते. निघताना भटू दर वेळी म्हणतो, पुढच्या आखाजीला चाळिसावा टप्पा नक्की. ती नुसती हसते. त्या हसण्यानं भटूला अजून वाईट वाटायचं.

सलीमनं कॅसेट टेबलावर ठेवली. “आते होईच जाई,” तो म्हणाला.

*

पण सलीमच्या मनात एक जुनी खुन्नस होतीच. त्यानं खालच्या खणातून एक रिमोट काढला. त्या जुन्या मशीनचाच, वायर तुटलेला. बटणांच्या कडेनं, प्लास्टिकच्या खाचांत, सगळीकडे पिवळा रंग मुरलेला.

“हाऊ देखा. मन्हा अब्बानी मशीन दिधं तवय पांढरा व्हता. लगीन व्हईसन परत उना तवय असा! अब्बा बोले, दाल खाते खाते खेला है पाटील के लडके ने.”

“मी नही!” भटू खुर्चीतून उठलाच.

“मंग कोन? वरण-बट्टीनी पंगत चालू व्हती ना?”

भटूनं देवाची शपथ घेतली, काळ्या मातीची घेतली, पपईच्या बागेची घेतली. कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून दुकानात वरण-बट्टीचा डबा उघडला की सलीम आधी रिमोट उचलून वरच्या फळीवर ठेवतो.

*

जुनं मशीन केव्हाच मेलेलं. त्यावर उपाय मी सुचवला, हे इथं नमूद करतो, कारण नंतर सगळे श्रेय सलीमला देतात. कॉलेजात पोरं प्रोजेक्टला पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर वापरतात. त्यात जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम टाकायचा, कॅसेटमधला गेम एका रीडरनं वाचून त्यात घ्यायचा, आणि वायर नव्या टीव्हीला लावायची. रिमोट नवे, पण जुन्या आकाराचे मिळतात.

रीडरला कॅसेट लावली. स्क्रीनवर काहीच नाही. भटूनं ती काढली, तोंडाजवळ नेली आणि जोरात फुंकर मारली.

“अरे फुंकू नको,” मी म्हणालो. “थुंकीनं पिना गंजतात. हे शास्त्र आहे.”

शास्त्राप्रमाणे मी शाळेतल्या खोडरबरानं पिना घासल्या, स्पिरिटनं पुसल्या, दहा मिनिटं वाळवल्या. रीडरला लावली. काहीच नाही. भटूनं माझ्याकडे बघत बघत फुंकर मारली, परत लावली, आणि गेमचं ते टुणटुण संगीत दुकानभर वाजलं.

मी तीस वर्षं लॅबमध्ये काढलीत. तरी आता कॅसेट लावताना मी थोडा बाजूला वळतो आणि हळूच फुंकतो.

*

गेम लागला, पण भटू हरायला लागला. पहिल्याच टप्प्यात. समोरून गोळा येतोय हे दिसायचं, बटण दाबायचा, आणि रणगाडा उडून गेल्यावर मग हलायचा. तीन रविवार असं झालं. चौथ्या रविवारी तो आला तो डोळ्याच्या डॉक्टरकडून. पाचव्या रविवारी हातापायांच्या डॉक्टरकडून.

“मन्हाच हात म्हतारा व्हई गयात,” तो म्हणाला. “पपईना झाडवर मारानी फवारनी बी मी हळू करस म्हने, मन्ही बायको.”

सहाव्या रविवारी सलीमचा धाकटा भाऊ टीव्हीवर क्रिकेट बघत बसला होता. शेजारी रेडिओवर तीच मॅच. रेडिओवर विकेट पडली, आणि मग टीव्हीवर बॉलर धावायला लागला.

सलीम एकदम उठला. मग त्यानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून शोधाशोध केली. नवा टीव्ही चित्र आधी नटवतो, मग दाखवतो. मॅचला जो उशीर होतो त्याची कारणं वेगळीही असतात, पण आमचं डोकं चाललं ते त्यावरून. ‘गेम मोड’ नावाचा एक पर्याय होता. तो चालू केला की नटवणं बंद.

भटूनं बटण दाबलं. रणगाडा त्याच क्षणी हलला. त्या दुपारी तो एका दमात बारा टप्पे गेला, आणि उठून डॉक्टरचे दोन्ही कागद फाडून टाकले. पुढच्या रविवारी मिशीला कलप लावून आला.

*

भाऊसाहेबांचं मात्र मन रमलं ते सलीमच्या ढिगातून निघालेल्या दुसऱ्या कॅसेटवर. ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम एकात’. लहानपणी तळोद्याला मामाकडे त्यांनी ती पाहिली होती, आणि इतके गेम खेळून संपवायला आयुष्य पुरणार नाही, या विचारानं त्यांना तेव्हा रडू आलं होतं.

आता त्यांनी जाडजूड रजिस्टर आणलं. अनुक्रमांक, गेमचे नाव, शेरा. पाच महिने दर रविवारी ते एकेक गेम उघडून नोंद करत होते. चारशे बाराव्या क्रमांकावर त्यांनी पेन खाली ठेवलं, उभे राहिले आणि अहवाल वाचला.

“सदर कॅसेटमध्ये प्रत्यक्ष गेम अकरा आहेत. उर्वरित सर्व तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा दाखवण्यात आले आहेत.”

आम्हाला वाटलं आता माणूस खचणार. पण भाऊसाहेबांचा चेहरा असा खुलला होता, जणू प्रमोशनच मिळालं.

“म्हणजे संपतील,” ते म्हणाले. “माझ्या हयातीत संपतील.”

*

त्या अकरापैकी एक बदकं मारायचा. त्याला प्लास्टिकची बंदूक. भाऊसाहेबांना तोच हवा होता. पण नव्या टीव्हीवर किती नेम धरला तरी बदक मरेना. ती बंदूक फक्त जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेतला उजेड ओळखते.

सलीमकडे एकही डब्बा टीव्ही शिल्लक नव्हता, सगळे भंगारात गेलेले. शेवटी भटूच्या ओळखीनं एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या पथारीवर एक सापडला. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मैदान. त्याच्या कडेच्या पत्र्याच्या ऑफिसात तो टीव्ही पंधरा वर्षं कपाट म्हणून उभा होता. जीपमध्ये टाकून आणला, वरून पुसला, लावला. चित्र एकदम झकास.

दहा मिनिटांत टीव्ही आतून तापला. आणि पंधरा वर्षांची मिरचीची पूड मागच्या जाळीतून बाहेर यायला लागली.

आधी सलीम शिंकला. मग मी. मग भटू शटरखालून रांगत बाहेर पळाला, जो स्वतः मिरचीवाला. रस्त्यावरची चार माणसं शिंकायला लागली, समोरच्या पानवाल्यानं दुकान बंद केलं. आत एकटे भाऊसाहेब उभे. डोळ्यांतून धारा, नाकाला रुमाल, हातात बंदूक. बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि ठो ठो आवाज येत होता.

वीस मिनिटांनी ते बाहेर आले, लालबुंद.

“एकही बदक सुटलं नाही,” ते म्हणाले. “दिसत काहीच नव्हतं.”

*

मोठं भांडण झालं ते एकदाच. या नव्या सोयीत गेम कुठेही थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येतो. मेलात तरी चूक व्हायच्या आधीच्या जागी परत. भाऊसाहेब असंच करत करत एका आठवड्यात रणगाड्यांच्या गेमचे एकोणचाळीस टप्पे पार करून गेले आणि भटूला म्हणाले, “शेवटचा टप्पा दाखवतो, बघून घ्या.”

भटूनं टीव्हीची पिनच उपटली. त्याला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“दखाना नही माले! तीस वरीस मी दखं नही, ते फुकटमा दखू का? ताईले काय सांगू, चोरी करीसन उनू?” मग आवाज खाली आला. “पहिलापासून, एक बैठकमा, तिन्हासंगे. तवयच माले तिन्हासमोर तोंड वर करता यी.”

भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सेव्ह केलेली नोंद आपण स्वतः नष्ट केली आहे आणि चाळिसावा टप्पा पाहिलेला नाही, असं त्यांनी कळवलं. दोन महिने ते ऑफिसातल्या सहीची शपथ घेऊन हे सांगत होते, आणि आम्ही मानलं.

*

आता या वर्षीची आखाजी.

आमच्या खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. माहेरी आलेली लेक त्या दिवशी राणी. तिला झोक्यावरून कोणी उठवत नाही, चुलीजवळ कोणी बोलावत नाही. भटूनं सगळा हिशेब यावरच केला होता. वर्षातला हा एकच दिवस असा, की दोन लग्नाळू पोरांची आई असलेली बाई दोन तास रिमोट धरून बसली तरी कोणी हाक मारणार नाही.

राहिली लाईट. कोरीटला इन्व्हर्टर होता, पण लाईट गेल्यावर तो चालू होईपर्यंत एक झटका बसतो, आणि त्या झटक्यात गेम बंद. म्हणून मी सांगितलं, लाईटवर विसंबायचंच नाही. ट्रॅक्टरची बॅटरी काढली, खिडकीखाली ओट्यावर ठेवली, आणि छोटा टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही थेट तिच्यावर घेतले. वायर मी स्वतः जोडली.

भटूची बायको सुरेखावहिनी पुरणाचं पातेलं घेऊन जाताना थांबली. “बॅटरी काढी लिधी. उद्या ट्रॅक्टर काय रिमोटवर चालावशात का?” असं म्हणाली, पण टीव्हीवरची धूळ तिनंच पदरानं पुसली.

खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस झाल्यावर मंगलताई येऊन सतरंजीवर बसल्या. गोल चेहरा, नवापूरला नवऱ्याबरोबर पोल्ट्री सांभाळतात, त्यामुळे आवाज चढा. रिमोट हातात घेतला, उलटापालटा करून बघितला.

“भटू, माले येई का रे आते?”

“येई, ताई.”

पहिल्या पाच टप्प्यांत त्या दोनदा मेल्या. दहाव्यानंतर एकदाही नाही. विसाव्याला त्यांनी बांगड्या वर सरकवल्या. भटू घामानं निथळत होता, आणि ताई बसल्या बसल्या वहिनीला पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचे किस्से सांगत होत्या. दारात पाहुणे जमले. अंगणातल्या झोक्यावरच्या पोरी गाणं सोडून खिडकीला आल्या.

तेहतिसाव्या टप्प्याला डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. लाईट गेली होती. स्क्रीन लुकलुकलीसुद्धा नाही. सलीमनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मला अजून खांदा वर करायला त्रास होतो. माझ्या आयुष्यात इतका मान मला कॉलेजनं कधी दिला नाही.

एकोणचाळिसावा संपला. स्क्रीनवर चाळीस आकडा आला आणि भटूनं रिमोट घट्ट धरला.

“ताई,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “तवय मी तुले जे बोलनू, भाकरीवरतीन. ते मन्हाकडतीन चुकनं.”

“पुढे दख,” मंगलताई म्हणाल्या. “तू खाले ऱ्हाय. वर डावा कोपरामातीन तीन येतस. पहिला दोनसवर गोळा वाया घालू नको. तिसरा आडमागून येस, त्याले मी लेस.”

भटू लहान भावासारखा खाली राहिला. वर डाव्या कोपऱ्यातून दोन रणगाडे आले आणि सरळ निघून गेले. तिसरा भिंतीआडून आला. ताईंनी त्याला एका गोळ्यात उडवला.

स्क्रीन पांढरी झाली, मग रंगीत झाली, झेंडा वर चढला, आणि आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं असं एक संगीत वाजलं. सलीम नाचला. भाऊसाहेबांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग तेही नाचले. वहिनी रडत होती आणि सगळ्यांना रस वाढत होती. भटू तसाच बसला होता, ओले डोळे, तोंडभर हसू, तीस वर्षांचं ओझं उतरलेला माणूस.

आणि मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. तो बहिणीकडे वळला.

“ताई, तीन येतस, हाई तुले कसं मालूम?”

मंगलताईंनी रिमोट खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

“हळदना दिन घरमा जनरेटर व्हतं ना रे,” त्या म्हणाल्या.

सलीमनं शकुनाला म्हणून तो जुना रिमोट पिशवीत आणला होता. त्यानं तो काढला आणि ताईंसमोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, खाचांतून अंगठा फिरवला आणि खुदकन हसल्या.

“सलीम, अजून निंघनी नही का रे मन्ही हळद?”